मेंदूतला जंत आणि बिचारा कोबी

आजचा विषय जेवताना ऐकण्यासारखा नाही. ताट समोर असेल तर पॉज करा, नंतर या. आज बोलायचंय मेंदूत जाणाऱ्या टेपवर्मबद्दल. आजाराचं नाव न्यूरोसिस्टिसर्कोसिस. नाव विसरलात तरी चालेल.

फॅमिली ग्रुपवर तो व्हिडिओ तुम्हाला आलाच असेल. कोबी चिरलाय, आतून हिरवी अळी निघते, आणि खाली लिहिलेलं असतं की हीच अळी मेंदूत जाते. मी न्यूरॉलॉजीच्या ओपीडीत बसतो, त्यामुळे या भीतीने कोबी सोडलेली माणसं मला नेहमी भेटतात. अहो, ती अळी फुलपाखराची नाहीतर पतंगाची. भाजीबरोबर शिजली तर शिजते, बस्स.

मग मेंदूत जातं काय? इथे नीट ऐका, कारण सगळा घोळ इथेच आहे. डुकराच्या अर्धवट शिजलेल्या मांसात या जंताच्या बारीक पिशव्या असू शकतात. ते खाल्लं की माणसाच्या आतड्यात टेपवर्म वाढतो, दोन-तीन मीटर लांब किंवा त्याहूनही मोठा. आतड्यात हं, मेंदूत नाही. पुष्कळांना तर पत्ताही लागत नाही. पण त्या माणसाच्या शौचातून जंताची हजारो अंडी बाहेर पडतात, डोळ्यांना न दिसणारी. न धुतलेल्या हातावरून, पाण्यातून, कच्च्या पालेभाजीवरून ती दुसऱ्याच्या पोटात गेली, की आतली पिल्लं आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरतात. मग स्नायूत, डोळ्यात, मेंदूत पिशवी करून बसतात. डुकराला हा जंत होतो तोही माणसाचं शौच खाऊनच.

म्हणून "डॉक्टर, आम्ही अंड्यालाही हात लावत नाही" असं म्हणणाऱ्या घरातही हा आजार होतो. 1992 साली न्यूयॉर्कमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. धर्माने डुकराचं मांस वर्ज्य असलेल्या सनातनी ज्यू समाजातल्या चार जणांना मेंदूत हा जंत निघाला. शोध घेतला तेव्हा त्या घरांत कामाला असलेल्यांपैकी एकाच्या पोटात टेपवर्म सापडला. आता यावरून लगेच कामवाल्या मावशींकडे संशयाने बघू नका. पोटात जंत घरातल्या कुणाच्याही असू शकतो, खुद्द पेशंटच्याही. म्हणून गरज वाटली तर आम्ही सगळ्या घराची शौच तपासणी सांगतो.

आता लक्षणं. बहुतेक वेळा पहिली खूण म्हणजे फीट. काल-परवापर्यंत ठणठणीत असलेला मुलगा अचानक आकडी येऊन पडतो. गंमत अशी की जिवंत पिशवी वर्षानुवर्षं गुपचूप बसलेली असते. ती मरायला लागली की शरीराला तिचा सुगावा लागतो, भोवती सूज येते आणि फीट येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, हा जंत जिथे जास्त आहे अशा अनेक भागांत एपिलेप्सीच्या सुमारे 30 टक्के केसेसच्या मागे हाच असतो.

समोर कुणाला फीट आली तर कांदा, चप्पल काही हुंगवू नका. तोंडात चमचा घालू नका. कुशीवर वळवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर 108.

निदान होतं सीटी आणि एमआरआयवर. पिशवीच्या आत एक ठिपका दिसला, म्हणजे जंताचं डोकं, की प्रश्नच मिटला. पण नेहमी इतकं सरळ नसतं. आपल्याकडे टीबी भरपूर, आणि टीबीची गाठही स्कॅनवर अशीच गोल कड्यासारखी दिसते. सीटी स्कॅन भारतात नवीन होतं तेव्हा असा छोटा डाग दिसला की टीबीची औषधं सुरू व्हायची. डाग गेला की श्रेय त्या औषधांना. मग वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. चांडी आणि डॉ. राजशेखर यांच्या टीमने अशा गाठी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तर बहुतेक जंताच्या निघाल्या. आपोआप विरघळणाऱ्या! गाठ 20 मिलिमीटरपेक्षा लहान, मेंदू एका बाजूला सरकलेला नाही, अशा त्यांच्या कसोट्या आम्ही आजही लावतो. रक्ततपासणीवर फार विसंबू नका. एकच गाठ असली तर ती बऱ्याचदा निगेटिव्ह येते.

उपचारात पहिलं काम फीट थांबवणं. नंतर जंतावरचं औषध, अल्बेंडाझोल, साधारण 10 ते 14 दिवस. गाठी दोनपेक्षा जास्त असल्या तर जोडीला प्राझिक्वांटेल. आणि सोबत स्टिरॉइड. ते कशाला? जंत मारला की सूज वाढते, तिला आवर घालायला. म्हणून तर मेडिकलमधून परस्पर गोळी आणून घेणं धोक्याचं. शाळेत देतात ती जंताची एक गोळी वेगळी, तिला घाबरू नका. पण मेंदूत गाठ असताना आधी डोळे तपासावे लागतात, कारण डोळ्यात पिशवी असली आणि ती औषधाने मेली तर नजर जाऊ शकते. मेंदूला आधीच खूप सूज असेल तर जंताचं औषध देतच नाहीत, आधी सूज उतरवतात.

एका मुलीने व्हॉइस मेसेज पाठवलाय. ताईला फीट आली, स्कॅनमध्ये एक गाठ. महिनाभर काही झालं नाही, तर आई म्हणते गोळ्या बंद कर, स्थळं बघायची आहेत. अगं, आईला हा भाग ऐकव. एकच गाठ असलेले बहुतेक पेशंट छान बरे होतात. सहा महिने फीट नाही आणि स्कॅनवर गाठ पूर्ण गेली, तर डॉक्टर गोळ्या हळूहळू कमी करून बंदही करतात. जागी कॅल्शियमचा ठिपका राहिला तर जास्त काळ घ्याव्या लागतात. मात्र मधेच तोडल्या तर फीट परत येऊ शकते, मग ती रस्त्यात येईल की गॅससमोर, सांगता येत नाही. तोवर ताईने स्कूटी चालवू नये, एकटीने पोहू नये. आणि हो, हा ताईपासून तुम्हाला होणारा आजार नाही, एका ताटात जेवा खुशाल. मुलाकडच्यांना सांगायचं की नाही हे ताईने ठरवावं. माझं मत विचारशील तर सांगावं. लपवलेल्या गोळ्या सासरी गेल्यावर सगळ्यात आधी बंद होतात, हे मी पाहिलंय.

कोबी खा. वाहत्या पाण्याखाली पानं सुटी करून धुवा आणि शिजवा. गाडीवरच्या चायनीजवरचा तो कच्चा कोबी कोणत्या पाण्यात धुतलाय ते तुम्ही बघा, मी काही बोलत नाही.

रिपोर्टचे फोटो पाठवू नका, फोनवर बघून मी औषध सांगत नाही. प्रश्न मात्र पाठवा. पुढच्या भागात मायग्रेन. चला, भेटू!