उडण्यापूर्वीची शाळा

(सुवर्णमहोत्सवी सभेत झालेले भाषण)



या सभेत आम्ही काय बोलावे असे चिटणीसकाकांस विचारले, तेव्हा ते म्हणाले, "विमान कसे उडते ते सांगू नकोस, लोकांस झोप येईल. आपल्या शिक्षणनिधीतून कर्ज घेतलेस, त्याचे काय केलेस ते सांग." तेव्हा आम्ही येथे हिशेब देण्यासाठीच उभे आहोत असे समजावे.

कर्ज घेतले ते वैमानिकाच्या व्यावसायिक परवान्यासाठी. त्यासाठी दोनशे तासांचे उड्डाण लागते, आणि हवामान, दिशाज्ञान, हवाई नियम अशा विषयांत शंभरात सत्तर गुण मिळवावे लागतात. परवाना हाती आला तेव्हा आमच्या मातोश्रींनी गल्लीभर पेढे वाटले. लोकांस वाटले, आता हा सोमवारपासून विमान घेऊन सांबऱ्यास उतरणार. खरे सांगावयाचे तर आम्हांसही तसेच वाटत होते! पण विमान कंपनीने निवड केल्यावर आम्हां नऊ जणांस प्रथम बसविले ते बाकावर. त्या शाळेस ग्राउंड स्कूल म्हणतात. विमान दूरच, खिडकीतून दिसत होती ती समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी.

शिकावयाचे विमान एटीआर ७२. फ्रान्स आणि इटली या दोन देशांचा हा संयुक्त उद्योग. पहिले उड्डाण १९८८ साली झाले. सत्तरेक माणसे नेणारे, वर पंख, दोन इंजिने आणि प्रत्येकास सहा पात्यांचा पंखा. लहान धावपट्टीच्या गावांना असलेच विमान परवडते. २७ एप्रिल २०१७ रोजी 'उडान' योजनेतील पहिले विमान सिमल्याहून दिल्लीस गेले, तेही याच घराण्यातले, धाकटे एटीआर ४२.

आपणांपैकी जे या विमानात बसले असतील त्यांनी दोन गोष्टी पाहिल्या असतील. चढावयाचे ते मागच्या दाराने. आणि कधी कधी विमान उभे असताना उजवे इंजिन घरघरत असते, पण त्याचा पंखा मात्र स्तब्ध! यात बिघाड काही नाही. मोठ्या विमानांच्या शेपटीत वीज व हवा पुरविणारे एक छोटे इंजिन असते. ते एटीआरला नाही. म्हणून उजव्या पंख्यास ब्रेक लावून ते इंजिनच त्या कामास जुंपतात. हे ज्या दिवशी शिकविले, त्या दिवशी आम्हांस या विमानाविषयी एकाएकी जिव्हाळा वाटला. काटकसरीच्या घरातले विमान आहे ते.

पुढचे दिवस मात्र कठीण गेले. वीज, इंधन, ब्रेकचे तेल, हवेचा दाब, प्रत्येकाची आकृती, प्रत्येकाचे दिवे, कोणता दिवा लागला की काय बंद पडले ते सांगावयाचे. आणीबाणीच्या काही कृती तर लहानपणी रामरक्षा म्हणत असू तशा तोंडपाठ लागतात. शब्द मागेपुढे झालेला चालत नाही. इंजिनास आग लागली, तर त्या बाजूचा पॉवर लिव्हर मागे, मग पंख्याची पाती वाऱ्याशी सरळ करून इंधन बंद, मग आगीचा दांडा ओढावयाचा, मग दहा सेकंद थांबून आग विझविण्याची पहिली बाटली सोडावयाची. आग लागली असता दहा सेकंद थांबणे म्हणजे काय, हे घड्याळ लावून घरी करून पाहावे.

हे सारे आम्ही एका कागदावर करीत होतो. कॉकपिटचे खऱ्या मापाचे चित्र भिंतीस लावलेले, पुढे दोन खुर्च्या. कागदी बटणावर बोट ठेवावयाचे आणि मोठ्याने बोलावयाचे. पहिल्या दिवशी आम्हांस हसू आले. बारशाच्या खेळासारखे वाटले.

तिसऱ्या आठवड्यात तोंडी परीक्षा झाली. परीक्षक निवृत्त कप्तान होते. फार कमी बोलत. त्यांनी सांगितले, "उडताच उजवे इंजिन गेले." आम्ही तोंडाने बरोबर म्हणालो, "दोन नंबर." आणि हात ठेवला एक नंबरच्या लिव्हरवर.

याचे कारण सांगतो. सबब म्हणून नव्हे. उड्डाण शिकताना दोनशे तास आम्ही डाव्या आसनावर बसलो होतो, लिव्हर उजव्या हाताशी. सहवैमानिक झाल्यावर आसन उजवे, लिव्हर डाव्या हाताशी. डोके नव्या जागी गेले होते, हात जुन्याच घरी राहत होता.

कप्तानसाहेब रागावले नाहीत. त्यांनी आम्हांस तैपेईची हकीकत सांगितली. ४ फेब्रुवारी २०१५ रोजी तेथून निघालेल्या एटीआर ७२-६०० विमानाचे दोन नंबरचे इंजिन उडताच निरुपयोगी झाले. एका इंजिनावर ते विमान चढू शकत होते. कप्तानाने चांगले असलेले एक नंबरचेच इंजिन मागे घेतले आणि बंद केले. विमान नदीत पडले. ५८ पैकी ४३ माणसे गेली. चौकशीत निघाले की इंजिन बिघाडाच्या प्रसंगी गोंधळण्याचा दोष प्रशिक्षणातही त्या कप्तानांत दिसला होता. पुढे १५ जानेवारी २०२३ रोजी पोखऱ्याजवळ, उतरताना फ्लॅपच्या दांड्याऐवजी शेजारचे दोन लिव्हर ओढले गेले. दोन्ही पंख्यांची ओढ नाहीशी झाली आणि विमानातील ७२ च्या ७२ माणसे दगावली.

एवढे सांगून त्यांनी आमच्या नावापुढे 'अनुत्तीर्ण' लिहिले. पुन्हा एकच संधी होती. ती गेली तर तुकडीतून नाव कमी. पगार विमानावर रुजू झाल्याखेरीज सुरू व्हावयाचा नव्हता, घर बँकेकडे गहाण आणि येथील कर्जास तुम्हां मंडळींपैकी दोघे जामीन. त्या रात्री आम्ही घरी फोन केला, पण हे बोललो नाही. मातोश्रींनी विचारले, "जेवलास का?" आम्ही हो म्हणालो.

मग आम्ही कागदी कॉकपिटची एक प्रत मागून आणली आणि खोलीच्या भिंतीस चिकटविली. सोबतचा एक मित्र, इंदूरचा, स्वतःचा अभ्यास सोडून डाव्या खुर्चीवर बसे. नियम असा की लिव्हरवर हात ठेवून नंबर बोलावयाचा आणि दुसऱ्याने पाहून होकार दिल्याशिवाय हात हलवावयाचा नाही. तो मुद्दाम गप्प बसे. आम्ही हात ठेवून वाट पाहत असू. या वाट पाहण्याचीच सवय आम्हांस नव्हती, हे तेव्हा कळले. आठ दिवसांत तो हात वळला.

दुसऱ्या परीक्षेत कप्तानसाहेबांनी तोच प्रश्न विचारला. आम्ही हात ठेवला, नंबर बोललो आणि थांबलो. ते होकार देईनात. बराच वेळ गेला. मग म्हणाले, "आता सिम्युलेटरवर जा."

कर्जाचे अठरा हप्ते फेडले आहेत, सहा राहिले आहेत. चिटणीसकाकांच्या वहीत ते असेल. तो कागद अजून घरी आहे, घड्यांवर फाटला आहे इतकेच. यंदाच्या अर्जदारांपैकी कोणास पाहावयाचा असल्यास रविवारी सकाळी यावे. खुर्च्या दोन आहेत.