पेरू की थांबू?

मृगाच्या पहिल्या सरी कोसळल्या की सोयाबीनच्या पट्ट्यात कृषी सेवा केंद्रांपुढे गर्दी होते. बियाण्याची पिशवी घरी येते. शेतकरी रानात जाऊन माती उकरतो, ओल किती खोल गेली ते बघतो. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी बजावतो. पण झालेला पाऊस मोजता येतो. पुढचा टिकेल का, हा खरा पेच. त्यानं दडी मारली की कोंब करपतात आणि दुबार पेरणी गळ्यात पडते.

या पेचावर आकडेमोडीनं उत्तर शोधण्याचा उद्योग आपल्याकडे जुना आहे. ब्रिटिश काळात हवामान खात्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड हिमालयातल्या बर्फावरून पावसाचा अंदाज बांधत. 1886 पासून असे अंदाज नियमित निघू लागले. पुढे त्याच खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या हवेच्या दाबाच्या नोंदी आपल्या मान्सूनशी ताडून पाहिल्या. 1988 साली शास्त्रज्ञ डॉ. वसंत गोवारीकर यांच्या पुढाकारानं 16 घटकांचं मॉडेल आलं. तापमान, वारे, हिमाच्छादन, एल निनो असं सगळं त्यात होतं. बरीच वर्षं ते साधारण जुळत गेलं.

मग 2002 उजाडलं. देशभरासाठी अंदाज होता सरासरीच्या 101 टक्के पावसाचा, पडला 81 टक्के. ऐन जुलै कोरडा गेला. पुढच्याच वर्षी हवामान खात्यानं नवी मॉडेलं वापरात आणली.

मात्र 101 टक्क्यांचा तो आकडा तंतोतंत खरा ठरला असता, तरी लातूरच्या शेतकऱ्याला त्यातून काय कळलं असतं? देशाची सरासरी गाठली गेली तरी एखादा तालुका कोरडा राहू शकतो. त्याला हवी असते आपल्या भागातली तारीख, आणि तीही बियाणं घेण्याआधी.

तेलंगणात 250 गावांत संशोधकांनी नेमकं हेच करून पाहिलं. मान्सून कधी लागेल, हे शेतकऱ्यांना हंगामाआधीच सांगितलं. अंदाज ज्यांच्या अपेक्षेपेक्षा वाईट निघाला, त्यांनी पेरा सुमारे 22 टक्क्यांनी आवरता घेतला.

2025 मध्ये पाऊस 26 मे रोजीच मुंबईत पोचला आणि पुढे अडखळला. त्या हंगामात केंद्र सरकारनं कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेले अंदाज 13 राज्यांतल्या सुमारे 3 कोटी 80 लाख शेतकऱ्यांच्या मोबाइलवर धाडले. पावसाचा हा खंड त्या अंदाजांत आधीच दिसला होता.

अर्थात, पेरणी साधली म्हणजे हंगाम साधला असं नाही. 2023 चा ऑगस्ट 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, तेव्हा सोयाबीन फुलोऱ्यात होतं. अशा खंडाची चाहूल लागावी म्हणून हवामान खातं दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज काढतं. विहिरीत जेमतेम पाणी असलेल्याला तुषार संच आज लावायचा की आठवडाभर थांबायचं, हे ठरवताना तो अंदाज हाताशी हवा.