पुण्याच्या मुक्कामी न आलेली पोरं
(शताब्दी सोहळ्यात दिंडीतल्या विद्यार्थ्यांनी मिळून केलेलं मनोगत)



विणेकरी बुवा, टाळकरी, तुळस डोईवर घेऊन चालणाऱ्या आज्या-मावश्या आणि समस्त गावकरी मंडळी. बुवा म्हणाले, शंभर वर्षांच्या सोहळ्यात जुनी माणसं बोलतातच, पोरांनीही दोन शब्द बोलावेत. आम्ही सहा जण, पाच मुलगे आणि एक मुलगी, पुण्यात शिकायला आहोत. सगळ्यांनी बसून हे लिहिलं आणि एकानं वाचायचं ठरलं. म्हणून 'आम्ही' म्हणतोय, मोठेपणा म्हणून नव्हे.

आधी एक कबुली. दोन वर्षांमागं दिंडी पुण्यात दोन रात्री मुक्कामाला होती. माउलींची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात, आणि आपली दिंडी जवळच्या एका शाळेत. आमच्या खोल्या सदाशिव पेठेत. पायी अर्ध्या-पाऊण तासाची वाट. तरी आमच्यातले चौघे तुम्हाला भेटायला आले नाहीत. फोनवर सांगितलं, पेपर आहे. पेपर नव्हता. अभ्यासिकेत पुस्तक उघडं ठेवून बसलो होतो आणि बाहेरून टाळांचा आवाज येत होता.

का आलो नाही? तर शंभर माणसं भेटणार आणि शंभर जण एकच विचारणार, "काय रं, लागली का नोकरी? कवा व्हतोस साहेब?" तुम्ही मायेनंच विचारता, हे आम्हाला कळतं. पण उत्तर नसलं की मायेचा प्रश्नही टोचतो.

स्पर्धा परीक्षा म्हणजे काय, हे घरी नीट सांगितलंच गेलं नाही, म्हणून आता सांगतो. राज्यसेवेला आधी पूर्वपरीक्षा, ती निघाली तर मुख्य, ती निघाली तर मुलाखत. तिन्ही पार केल्यावरही यादीत नाव येईलच असं नाही. आणि मुलाखतीपर्यंत जाऊन नाव आलं नाही, तर पुढच्या साली परत पहिल्या पायरीपासून. मुख्यला पोचलेला आणि कधीच काही न निघालेला, दोघं नव्या वर्षी एकाच रांगेत. पोलीस भरतीचं निराळं. तिथं पोरं पहाटे सोळाशे मीटर पळतात, गोळा फेकतात, अर्ध्या-एक मार्कानं राहतात आणि पुढच्या जाहिरातीची वाट बघतात. करोनाच्या काळात तर ५ एप्रिल २०२० ला व्हायची पूर्वपरीक्षा सरकत सरकत २१ मार्च २०२१ ला झाली. आमच्यातला थोरला तेव्हा त्यात होता. तो म्हणतो, अभ्यासानं नाही दमलो, तारखेची वाट बघून दमलो.

आणि कोचिंगच्या जाहिरातींत फोटो असतात ते फक्त पास झालेल्यांचे. राहिलेल्यांचा फोटो कोण लावणार? पण खोल्यांत राहतात ते जास्त करून तेच.

खोलीचं भाडं, मेस, अभ्यासिकेची फी. महिन्याच्या महिन्याला घरून पैसे येतात, आणि ते सोयाबीनच्या कुठल्या पट्टीतून येतात हे आम्हाला माहीत असतं. आमच्यातल्या एकाच्या आईच्या कानात दोन वर्षं काही नाही. तिनं सांगितलं नाही, यानं विचारलं नाही. आमच्यातल्या मुलीचं घड्याळ तर अजून जोरात पळतं. आम्हाला विचारतात नोकरी कधी. तिला विचारतात, नोकरी नाही तर स्थळ बघायचं का. तिनं हे वाक्य मुद्दाम घालायला लावलंय.

तर त्या साली झालं असं, दुसऱ्या दिवशी सांजच्याला एकाची आजी अभ्यासिकेच्या पायऱ्यांवर येऊन बसली. बरोबर गावातलीच एक म्हातारी. हातात पत्त्याची चिठ्ठी, तीन जणांना विचारत आलेल्या. पिशवीत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. आम्ही चोरासारखे खाली आलो. आता विचारणार, म्हणून मान खाली. ती म्हणाली, "जेवलात का?"

खाऊन झाल्यावर म्हणाली, "नापास झालास तर सांगत का न्हाईस? मला कुठं कळतंय पूर्व नि मुख्य." मग बराच वेळ स्वतःचंच बोलत राहिली. २०२० आणि २०२१ ला पादुका एसटीनं पंढरीला गेल्या आणि दिंडी घरी राहिली, ते दिवस. "मला वाटलं, आता या गुडघ्यांनी परत जाणं व्हतंय का न्हाई. कुणी सांगंना. मग रोज अंगणात तुळशीला फेऱ्या घालायची. किती घातल्या, मोजल्या न्हाईत." उठताना एवढंच म्हणाली, "उद्या घाट हाय. माझी पिशवी धराया चल."

दोघे गेले. पुणे ते सासवड ही वारीतली सगळ्यात लांबची मजल, तीस किलोमीटरच्या वर. अभ्यासिकेत बसून पाय मऊ पडलेले. हडपसरलाच टाचेला फोड. दिवे घाटात वर बघितलं की छाती दडपायची, म्हणून पुढच्याच्या टाचांकडं बघत चढलो. आजी मधे एकदाही थांबली नाही, याची आम्हाला अजून लाज वाटते.

रात्री सासवडला राहुटीत त्यानं वडिलांना सांगितलं, पूर्व तिसऱ्यांदा गेली. वडील ट्रकमधलं सामान उतरवत होते. म्हणाले, "मला दिवाळीतच कळलं होतं. तू सांगशील म्हणून थांबलो." सात महिने बाप थांबला होता आणि पोरगा लपत होता. त्या रात्री दोघांनी हिशेब केला. अजून दोन वेळा बसायचं, त्याच्यावर नाही. आणि नुसतं बसून नाही. आज तो दुपारपर्यंत माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम करतो. शेतकीची पदवी होतीच, ती परीक्षेच्या नादात विसरून गेलेला. पगार थोडा, पण घरून पैसे मागवत नाही. अभ्यास संध्याकाळी. तो सांगतो, तास कमी झाले पण पुस्तकात लक्ष जास्त लागतं. सगळ्यांचं असंच होईल असं नाही. मुख्यच्या तयारीतल्या माणसाला नोकरी सांभाळणं जड जातं, हेही आम्ही बघितलंय.

त्यानंतर आम्ही सहा जण दर एकादशीला एका खोलीत बसतो. काय जमलं, काय गेलं, खरं सांगायचं. कुणी सल्ला द्यायचा नाही, ही एकच अट. ती मोडतेच. मग त्याच बैठकीतून घरी फोन लावायचा, आणि परीक्षेचं असेल ते आपण होऊन सांगायचं, त्यांनी विचारायच्या आत.

तुमच्याकडं एक मागणं आहे. विचारणं बंद करू नका, तेही परकं वाटतं. पण आधी 'जेवलास का' विचारा. आणि ज्याचं काही लागलं नाही, त्यालाही दिंडीत काहीतरी काम द्या. पताका द्या, टँकरवर उभं करा, भिशीचा हिशेब लिहायला द्या. हिशेब आम्हाला येतो.

यंदा पुण्याच्या मुक्कामी आम्ही सहाही जण येणार. आमच्यातल्या एकीच्या निकालाची त्याच सुमारास वाट आहे. लागला तरी येणार, नाही लागला तरी येणार. आजी, चटणी जरा जास्त आणा.

राम कृष्ण हरी.