साचा निघाला पाहिजे

(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी सांगितलं की प्रत्येकाने आपापल्या कामाविषयी पंधरा मिनिटं बोलायचं. मघाशी आपल्या डॉक्टर मित्राने गुडघ्यांविषयी सांगितलं आणि सगळ्यांनी कान देऊन ऐकलं, कारण आपले गुडघे आता त्या वयाला आले आहेत. माझं काम सॉफ्टवेअरचं. त्यात कुणाला काय रस असणार, असं आधी वाटलं. पण माझं सॉफ्टवेअर भिंतींचं आहे, आणि भिंती सगळ्यांच्याच घरी असतात. तेव्हा आज भिंतींविषयी बोलते, खरं तर भिंतींच्या साच्यांविषयी.

मी इंजिनिअरिंग कॉम्प्युटरचं केलं, सिव्हिलचं नाही. पण गेली बारा वर्षं मी ज्या प्रोग्रॅमवर काम करते, तो उंच इमारतींच्या काँक्रीटच्या भिंती ओतायला जे साचे लागतात, त्यांची मांडणी करतो. कुठल्या भिंतीला कुठल्या मापाचे किती पॅनल, कुठला कशाला जोडायचा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुठला आधी काढायचा.

साचा म्हटलं की आपल्याला तो भरायचा कसा एवढंच सुचतं. खरी गोम आहे ती काढण्यात. कुल्फीचा साचा आठवा. तो खाली निमुळता असतो, म्हणून हातात चोळला की कुल्फी सरळ बाहेर. मोदकाचा साचा निमुळता नाही, त्याला कळ्या आहेत, म्हणून त्याला बिजागरी दिली. तो बाहेरच्या बाजूला उघडतो. आता लिफ्टचा खड्डा डोळ्यांपुढे आणा. चारी बाजूंनी काँक्रीटची भिंत आणि आत साच्याची चौकोनी पेटी. भिंती सरळ उभ्या, निमुळत्या नाहीत. पेटी चारी अंगांनी काँक्रीटला चिकटलेली. बाहेर उघडायला जागाच नाही. ती आतल्या आत आक्रसली तरच सुटणार. म्हणून तिच्या कोपऱ्यांत खास तुकडे असतात. ते ओढले की प्रत्येक बाजू काही सेंटिमीटर आत येते आणि मग पेटी क्रेनने वर उचलता येते. मिटणारा साचा म्हणतात तो हाच. ही सोय आधी केली नाही तर साचा कापून काढावा लागतो.

ही गोष्ट मी कॉलेजात शिकले नाही. तुमच्यापैकी पेठेत राहणाऱ्यांना आठवत असेल, आमचे अप्पा सेंटरिंगचं काम करायचे. इथे बसलेल्यांपैकी निदान चार-पाच जणांच्या घरांचे स्लॅब अप्पांच्या प्लेटांवर पडले आहेत. आमच्या परसात लोखंडी प्लेटा, वासे, फळ्या आणि बल्ल्यांचा ढीग असायचा, आणि त्याला जळक्या ऑइलचा वास यायचा. तो वास माझ्या दप्तरालाही यायचा, हे माझ्या बाकावरची मैत्रीण आजही सांगते. काँक्रीट चिकटू नये म्हणून प्लेटांना ते ऑइल लावायचे.

अप्पांकडे नवा पोरगा कामाला आला की पहिला धडा खिळ्याचा. खिळा पूर्ण ठोकायचा नाही, डोकं बोटभर वर ठेवायचं. पोरगा जोशात येऊन खिळा आत घालवायचा, तेव्हा अप्पा म्हणायचे, "हे कपाट नाही. हे उद्या काढायचंय." लावताना काढायचा विचार करायचा, या एका वाक्यावर त्यांचा धंदा चालला. आणि खरं सांगायचं तर माझाही चालतो.

साच्यात अख्खं घर ओतण्याची कल्पना काही आजची नाही. आपल्या पुस्तकात विजेच्या दिव्याचा एडिसन होता, त्याची सिमेंटची कंपनीही होती, हे मात्र पुस्तकात नव्हतं. त्याने काँक्रीटचं घर एका दमात ओतायची पद्धत काढली आणि १९०८ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. पेटंट मिळालं १९१७ मध्ये. ओतीव लोखंडाचा साचा, त्याचे दोन हजारांहून जास्त तुकडे. ते बोल्टने जोडायचे, वरून काँक्रीट सोडायचं, आणि ते घट्ट झालं की साचा उतरवून पुढच्या घराला लावायचा. गरिबांना स्वस्त घर मिळावं, हा त्याचा हेतू होता. न्यू जर्सीत अशी थोडी घरं झाली, काही आजही उभी आहेत. पण कल्पना पसरली नाही, कारण साचाच घरापेक्षा कितीतरी महाग पडायचा, आणि एवढं लोखंड उचलणार कोण? साच्याचा खर्च एका घरात निघत नाही. तो शंभर वेळा निघाला आणि शंभर वेळा लागला, तरच परवडतो.

आज पुण्या-मुंबईच्या टॉवरमध्ये जे दिसतं, ते या दोन अडचणींवरचं उत्तर आहे. लोखंडाऐवजी ॲल्युमिनियम. एक पॅनल साधारण पंचवीस किलोचा, म्हणजे एक माणूस उचलेल एवढा. साइटवर याला 'मायवन' म्हणतात. ते खरं एका कंपनीचं नाव, पण झेरॉक्ससारखं सगळ्यांनाच लागलं. पॅनल पिना आणि पाचरींनी जोडतात, हत्यार म्हणून मुख्यतः हातोडी. स्लॅबमध्ये छोटी भोकं ठेवलेली असतात, त्यांतून खालचे पॅनल हातोहात वरच्या मजल्यावर जातात. क्रेनची वाट बघायला नको. नीट वापरला तर एक संच दोनशेच्या वर वेळा चालतो. भिंती आणि स्लॅब एकाच वेळी ओततात, आणि सगळं जुळून आलं तर आठवड्याला एक मजला होतो.

ओतताना साच्यावर किती जोर येतो, याची कल्पना यावी म्हणून एक आकडा सांगते. ओलं काँक्रीट पाण्यासारखं दाबतं, पण पाण्याच्या जवळजवळ अडीच पट. तीन मीटर उंच भिंत एका दमात भरली तर तळाशी दर चौरस मीटरवर साधारण साडेसात टन जोर येतो. म्हणून समोरासमोरचे पॅनल भिंतीतून आरपार पट्ट्यांनी बांधलेले असतात. पट्ट्यांवर प्लास्टिकचं आवरण असतं, ते कशासाठी? पुन्हा तेच. पट्टी ओढून काढता यावी म्हणून.

आता माझा भाग. एका मजल्याला हजारो पॅनल लागतात. प्रत्येकाला निघायला एक दिशा लागते आणि वाटेत दुसरा पॅनल नको. अ निघायला ब आधी निघाला पाहिजे, ब निघायला क. हे ठीक. पण क निघायला अ आधी निघाला पाहिजे असं झालं, तर तिघेही अडकले. गच्च भरलेल्या एसटीत हेच होतं. मागच्याला उतरायचंय, पण दारातला माणूस खाली उतरल्याशिवाय वाट नाही. माझा प्रोग्रॅम मांडणीत अशी फेरी सापडते का ते शोधतो, आणि सापडली तर तिथे एक अरुंद पट्टी घालायला सांगतो. ती पट्टी म्हणजे दारातला माणूस. ती आधी निघते, मोकळी जागा होते, मग बाकीचे सुटतात.

हे सुचलं कसं, तेही सांगते. सुरुवातीच्या काळात अप्पांना एका साइटवर घेऊन गेले होते. त्यांनी ॲल्युमिनियमच्या पॅनलवरून हात फिरवला, एक पाचर ठोकून पाहिली, आणि तिथल्या सुपरवायझरला एकच प्रश्न विचारला, "यातली पहिली कुठली काढायची?" सुपरवायझरने तीन जणांना हाक मारली. प्रत्येकाचं उत्तर वेगळं आलं. तोवर आमचा प्रोग्रॅम फक्त लावायचा नकाशा द्यायचा. त्यानंतर आम्ही काढायचा क्रमही द्यायला लागलो. पॅनलवर नंबर तर होतेच, पण आता ते उलटेही वाचता येऊ लागले.

साचा कसा काढायचा इतकंच महत्त्वाचं आहे तो कधी काढायचा. आपल्या देशात यासाठी आयएस ४५६ नावाचं मानक आहे. साधं पोर्टलँड सिमेंट असेल आणि हवा १५ अंशांच्या खाली गेली नसेल, तर भिंतीचा साचा १६ ते २४ तासांत काढता येतो. स्लॅबखालच्या प्लेटा ३ दिवसांनी, पण टेकू लगेच परत लावायचे. आणि ते टेकू, गाळा साडेचार मीटरपर्यंत असेल तर ७ दिवस, त्याहून मोठा असेल तर १४ दिवस हलवायचे नाहीत. नव्या पद्धतीत टेकूचं डोकं असं केलेलं असतं की पॅनल निघतात आणि टेकू जागचा हलत नाही.

आठवड्याला एक मजला म्हटलं की सगळी घाई या दिवसांवर येऊन पडते. अप्पांवरही यायची. आम्ही आठवीत असताना एका घरमालकाला वास्तुशांतीचा मुहूर्त गाठायचा होता, आणि दिवस पौषातल्या थंडीचे. अप्पांनी बल्ल्या काढायला नकार दिला. म्हणाले, "मुहूर्त पंचांगात बघता येतो, काँक्रीटला पंचांग कळत नाही." मालक रागावले. प्लेटा तिथेच अडकल्या, म्हणून पुढचं कामही दुसऱ्याकडे गेलं. त्या महिन्यात आईने घरखर्च कसा भागवला ते तिचं तिला ठाऊक. तो स्लॅब आजही गळत नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्यापुढे तोच प्रश्न दुसऱ्या रूपात आला. आमच्या एका ग्राहकाचं म्हणणं होतं की टेकू मुदतीआधी काढायची तारीख टाकली की प्रोग्रॅम अडवतो, तर ते अडवणं बंद करायचं बटण द्या. मागणी बेकायदेशीर नव्हती. काँक्रीटची ताकद चाचणीत पुरेशी दिसली तर इंजिनिअर मुदतीआधीही निर्णय घेऊ शकतो. पण बटण दिलं की ते कायमचं दाबलेलं राहतं, हे मी जाणते. दोन महिने वाद चालला. शेवटी बटण दिलं नाही, एक रकाना दिला. मुदतीआधी टेकू काढायचा असेल तर १५ सेंटिमीटरच्या ठोकळ्यांच्या चाचणीचा आकडा भरायचा, आणि निर्णय घेणाऱ्या इंजिनिअरने स्वतःचं नाव लिहायचं. ग्राहक थोडा नाराज झाला, पण राहिला. माझ्या बाजूने बोलताना मी अप्पांचं उदाहरण दिलं नाही. मीटिंगमध्ये ते चाललं नसतं. पण डोक्यात तेच होतं, कारण त्या स्लॅबखाली कुणाची तरी मुलं अभ्यास करत असतात, आणि त्याआधी टेकू काढणारा माणूस उभा असतो.

आता तुमच्या कामाचं. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागे कुणीतरी विचारलं होतं की नव्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यातली भिंत पाडायची आहे, मिस्त्री म्हणतो अर्ध्या दिवसाचं काम. कृपा करून थांबा. आपल्या जुन्या घरांत कॉलम आणि बीम भार घेतात, मधली विटांची भिंत बहुधा नुसता पडदा असते. साच्यात ओतलेल्या इमारतीत भिंत हाच खांब. तिच्यात सळ्या आहेत, तिच्यावर वरचे सगळे मजले आहेत. विजेच्या नळ्याही बऱ्याचदा ओततानाच आत घातलेल्या असतात. पाडणं सोडाच, मोठं भोक पाडायचं असेल तरी आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरची लेखी परवानगी घ्या. घर घेण्याआधी बिल्डरला एवढंच विचारा, "भिंती ओतलेल्या की विटांच्या किंवा ब्लॉकच्या?" ओतलेल्या असतील तर जशी रचना आहे तशीच तुम्हाला चालणार का, ते तेव्हाच ठरवा.

अप्पा आता काम करत नाहीत. त्यांच्या प्लेटा त्यांच्याच एका जुन्या मदतनिसाकडे आहेत आणि गावातल्या बंगल्यांचे स्लॅब अजून त्यांवर पडतात. टॉवरला त्या प्लेटा चालत नाहीत. मला त्याचं थोडं वाईट वाटतं, अप्पांना वाटत नाही. ते म्हणतात, प्लेट बदलली, काम तेच आहे.

आज सकाळपासून इथे दोन-तीन वक्त्यांनी म्हटलं की आपण सगळे एकाच साच्यातून निघालो. ऐकताना मला हसू येत होतं, कारण इथे कुणी डॉक्टर आहे, कुणी द्राक्षबागायतदार, कुणी एसटीत वाहक, आणि एकजण तर कीर्तन करतो. एकसारखं कुणीच नाही. तरी त्या वाक्यात तथ्य आहे, फक्त शेवटचा शब्द नीट ऐकायला हवा. निघालो. सर, बाई, तुम्ही आम्हाला शिस्त लावली, कधी छड्याही दिल्या. पण खिळ्याचं डोकं वर ठेवलंत. वेळ झाली तेव्हा आम्हाला सुटता आलं, आणि ताकद आली नव्हती तोवर तुम्ही टेकू काढला नाहीत. शिकवणी परवडत नव्हती म्हणून माझी दहावीची गणितं शाळा सुटल्यावर वर्गातच बसवून घेणारे सर आज समोर बसले आहेत. त्यांच्यासमोर हे बोलायला मिळालं, यासाठी संयोजकांचे आभार.

आणि हो, भिंत पाडायची असेल तर आधी मला फोन करा. मी नाहीच म्हणणार आहे, पण बोलणं तरी होईल.