वृत्तपत्रांची आचारसंहिता आणि आपण वाचक

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा सारांश)



टिळकांनी १८९३ साली गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले, हे आपण जाणतोच. त्याआधी १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांना पत्रकार म्हणून तुरुंगवास घडला होता. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या छळाविषयीची पत्रे 'केसरी' व 'मराठा'त छापली गेली. दिवाण बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि पत्रे बनावट ठरली. संपादकांनी माफी मागितली, तरीही शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. हेतू शुद्ध होता, पण शुद्ध हेतू हा काही पुरावा नव्हे.

मे २००८ मध्ये आपल्याच नोएडात, सेक्टर २५ मध्ये एका शाळकरी मुलीची हत्या झाली. पोलिसांनी घरातील नोकरावर संशय घेतला, वृत्तपत्रांनी तो छापला. दुसऱ्याच दिवशी त्याच नोकराचा मृतदेह गच्चीवर सापडला. पुढे मृत मुलीच्या चारित्र्याचीही जाहीर चर्चा झाली. २०१३ मध्ये आई-वडिलांना जन्मठेप झाली. २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. पण छापलेला शब्द कोण पुसणार?

आपल्याकडे १९६६ साली प्रेस कौन्सिल स्थापन झाली. पहिले अध्यक्ष न्यायमूर्ती मुधोळकर. आणीबाणीत ती बरखास्त झाली. १९७८ च्या कायद्याने पुन्हा आली. तिची आचारसंहिता सांगते : छापण्यापूर्वी खातरजमा करा, संशयिताला गुन्हेगार ठरवू नका, चूक झाल्यास ठळकपणे दुरुस्ती छापा. मात्र कायद्याने कौन्सिलला ताकीद देता येते, ठपका ठेवता येतो. दंड वा शिक्षा करता येत नाही.

कौन्सिलला दात नाहीत, अशी टीका म्हणूनच होते. पण शिक्षेचा अधिकार सरकारच्या हाती गेला, तर काय होते ते आणीबाणीने दाखवले आहे. तेव्हा संपादकाने स्वतःला आवरणे आणि वाचकाने जागे राहणे, हाच मार्ग उरतो.

वाचकाने काय करावे? चुकीची बातमी दिसली तर आधी संपादकाला लेखी कळवावे. दाद न मिळाल्यास, दैनिक वा साप्ताहिक असेल तर प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत कौन्सिलकडे तक्रार करावी. आणि शेजाऱ्याच्या घरावरील संकट चहाबरोबर चघळण्यापूर्वी क्षणभर थांबावे. खप आपल्यामुळेच वाढतो, हे विसरून चालणार नाही.

बुद्धिदात्या गजाननाने लिहिणाऱ्यांना आणि वाचणाऱ्यांना विवेक द्यावा, ही प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!