सुवर्णकणांचे आवरण

बंगळूरच्या शिवाजीनगरातून कमर्शियल स्ट्रीटकडे वळले की सराफांच्या दुकानांतील पिवळेधमक सोने नजरेस पडते. तेच सोने मिलिमीटरच्या लक्षांशाएवढ्या सूक्ष्म कणांत विभागून पाण्यात विखुरले, तर ते पाणी माणकासारखे लाल दिसते. मायकेल फॅरडे यांनी १८५७ साली या लाल सोन्याचे विवेचन केले होते.

असे कण उघडे राहिले तर एकमेकांस चिकटून त्यांचा गाळ होतो. म्हणून त्यांना आवरण द्यावे लागते. त्याकरिता थायॉल वर्गातील रेणू योजतात. या रेणूच्या एका टोकाचा गंधक सोन्याला घट्ट धरतो आणि कार्बनची शेपटी बाहेर राहते. भाताची रोपे लावावीत तसे हे रेणू कोणी लावीत नाही; शेपट्यांच्या परस्पर आकर्षणाने ते आपले आपणच ओळीने उभे राहतात. बंगळूरच्याच जक्कूर येथील जवाहरलाल नेहरू केंद्रात सी. एन. आर. राव, जी. यू. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी यांनी पॅलॅडियमच्या कणांवर असेच प्रयोग केले. गाभ्याचा व्यास आणि शेपटीची लांबी यांचे प्रमाण जुळले, तरच ते कण मधाच्या पोळ्याप्रमाणे षट्कोनी मांडणीत बसतात, असे त्यांना आढळले.

परंतु आवरणात दोन जातींचे रेणू असले तर? ते खिचडीतील डाळतांदळासारखे मिसळतील, की आपापल्या जातीचे रेणू वेगळे होतील? २००४ साली फ्रांचेस्को स्टेलाची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा कणांवर समांतर पट्टे असल्याचे प्रसिद्ध केले. पट्टे असलेले कण पेशीच्या आवरणातून सहज आत जातात, असेही पुढे मांडले गेले. औषध पेशीत पोचविण्याच्या दृष्टीने ही गोष्ट मोलाची होती.

२०१२ साली राफाएल लेव्ही आदी संशोधकांनी मूलभूत शंका घेतली : हे पट्टे कणांवरचे, की सूक्ष्मदर्शकाच्या सुईच्या कंपनाने चित्रात उमटलेले? मूळ नोंदी खुल्या झाल्यावर त्यांची फेरतपासणी झाली आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षाने ही शंका बळावली. दोन जातींचे रेणू अलग होऊ शकतात, हे संगणकावरील गणितातूनही दिसते. वाद आहे तो त्या चित्रांच्या पुराव्याविषयी.

सरकारी दप्तरात निर्णयाइतकाच मूळ कागद महत्त्वाचा मानतात, कारण पुढे कोणालाही तो निर्णय तपासून पाहता येतो. प्रयोगशाळेतील नोंदींनाही हाच न्याय लागू आहे. ज्या कणावर उद्या रुग्णाचे औषध चढवावयाचे, त्याच्या आवरणाची खात्री सुंदर चित्रावर सोडून चालणार नाही.