सिनेटर सोक रोद्रिगो



फिलिपाइन्स देशांतील ज्या गृहस्थांविषयीं आम्हीं आज चार शब्द बोलणार आहों ते फ्रान्सिस्को रोद्रिगो. लोक त्यांस ‘सोक’ म्हणत. बुलाकान प्रांतांत १९१४ सालीं त्यांचा जन्म झाला. कोंबड्यांच्या झुंजींवर पैसे लावणाऱ्या नवराबायकोचें त्यांचें तगालोग प्रहसन फार गाजलें. रेडिओवरील भाष्यांनीं त्यांचा आवाज घरोघरीं पोंचला. कॅथॉलिक ॲक्शनचे हे पुढारी १९५५ सालीं सिनेटवर निवडून आले.

पुढच्याच वर्षीं होझे रिझाल यांच्या दोन कादंबऱ्या विद्यार्थ्यांस सक्तीनें शिकवाव्या, असें विधेयक आलें. त्यांत धर्मगुरूंवर जळजळीत टीका आहे. म्हणून महागुरूंनीं विरोध केला, आणि रोद्रिगो यांनीं तो सिनेटांत हिरिरीनें मांडला. कायदा झाला, पण धार्मिक कारणास्तव सूट मागण्याची सोय त्यांत राहिली. आमच्या मतें सक्तीला विरोध करणें रास्त होतें. पुस्तकाचें भय धरणें मात्र नव्हे.

१९७२ च्या सप्टेंबरांत राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनीं लष्करी कायदा पुकारला. वृत्तपत्रें व रेडिओकेंद्रें बंद पडलीं, आणि इतर विरोधकांबरोबर रोद्रिगोहि तुरुंगांत गेले. सुटल्यावर व्यासपीठ उरलें नव्हतें. तेव्हां ते तगालोग पद्यें लिहूं लागले. वृत्तांत बांधलेला उपरोध पाठ होतो, आणि पाठ झालेलें जप्त कोण करणार?

१९८६ सालीं जनतेच्या उठावापुढें मार्कोस देश सोडून गेले. नवी राज्यघटना रचणाऱ्या मंडळावर कोराझोन आक्विनो यांनीं रोद्रिगो यांस नेमलें. भाषण व मुद्रण यांचें स्वातंत्र्य संकुचित करणारा कायदा होऊं नये, असें कलम त्या घटनेंत आहे. १९९८ च्या जानेवारींत रोद्रिगो निवर्तले.